सायकल आली, आता सोबत हवी

ताईंनो, गेल्या काही बैठकांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. सातवीपर्यंतची शाळा गावात, आठवीला मात्र चार किलोमीटर लांब जायचं. दारात सायकल उभी आहे, तरी पोरगी घरीच. विचारलं की उत्तर येतं, "एकटीला कशी पाठवू?" पण त्याच वस्तीत त्याच शाळेच्या आणखी सहा-सात मुली असतात आणि त्यांच्या आयाही हेच म्हणत असतात! गट म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तोच हिशोब इथे लावायचा.

बिहार सरकारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी त्याचा परिणाम तपासला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव असलेल्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. शाळा जिथे लांब, तिथे फरक जास्त. त्यांनी एक कारण असंही मांडलं की एकाच वेळी पुष्कळ मुलींना सायकली मिळाल्या, त्या घोळक्याने जाऊ लागल्या, त्यामुळे रस्ता सुरक्षित झाला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर, सायकलीसाठी अनुदान आहे. २०२२ साली ते ३५०० वरून ५००० रुपये झालं. मुख्याध्यापकांकडे चौकशी करा.

आता जथ्था कसा बांधायचा. पहिल्यांदा मुलींना नाही, आयांना रस्ता दाखवायचा. एका रविवारी चार-पाच जणींनी तो पूर्ण रस्ता चालून बघा. खड्डा कुठे, पुलावर पाणी कधी येतं, कुत्री कुठे अंगावर येतात, टपरीवर कोण बसतं. हंगामात ऊसाच्या ट्रॉल्या कोणत्या वेळेला सुटतात, हेही विचारा. त्यावरूनच निघायची वेळ ठरते. चार किलोमीटरला चालत तास जातो, सायकलवर वीस-पंचवीस मिनिटं. त्यात दहा मिनिटं जास्तीची धरा, चेन कधी पडेल सांगता येत नाही.

जमायची जागा एकच ठेवा, मंदिर किंवा अंगणवाडी. पुढे एक मोठी मुलगी, सगळ्यात मागे दुसरी मोठी मुलगी. सगळ्यात हळू चालवणारी पुढचीच्या लगेच मागे, म्हणजे तिच्या वेगाने सगळ्या जातात आणि कुणी मागे सुटत नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने, एकामागे एक. गप्पा शाळेत गेल्यावर (पोरी ऐकतील असं नाही, पण सांगायचं). ओढणी बांधून घ्यायची, ती चाकात अडकते. मागच्या मडगार्डला लाल रेडियम पट्टी लावा. लहान भाऊ असतील तर त्यांनाही सोबत घ्या.

खरी अडचण परत येताना असते. जादा तास सुटायची वेळ रोज वेगळी, थंडीत लवकर अंधार. म्हणून शाळेत भेटून सांगा, या वस्तीच्या मुलींना एकाच वेळी सोडा. पहिला महिना एका ताईने पाळीपाळीने फाट्यापर्यंत जाऊन उभं राहायचं. कुणी छेड काढली तर मुलीची शाळा बंद करायची नाही. ग्रामसंघाच्या चार जणींनी मिळून त्या घरी जायचं, पोलीस पाटलांना सांगायचं. मुलींना १०९८ आणि ११२ हे नंबर पाठ करायला लावा.

पंक्चरचं काय? तेवढ्यावरून सायकल दोन-दोन महिने भिंतीला पडून राहते. पंप, पाना, सोल्यूशन आणि जास्तीची ब्रेक रबरं गटाने मिळून घ्यावीत. बैठकीला उशिरा आल्याचा जो दंड जमतो, त्यातून भागेल. तसा ठराव इतिवृत्तात लिहा. गावातल्या सायकलवाल्या दादांना एक रविवार बोलवा, मुलींना स्वतः पंक्चर काढायला शिकवतील.

पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या आठवीच्या पुढच्या मुलींची यादी आणावी. कोण जाते, कोण जात नाही आणि सायकल कुणाकडे आहे. यादी सीआरपी ताईंकडे द्या, मी त्यांच्याकडून घेईन.