पट्टी जुळेना

२२ सप्टेंबर २०२४चा रविवार आमच्या घरात मतमोजणीच्या दिवसासारखा गेला. चार फोन, एक लॅपटॉप आणि टेबलाभोवती बसलेलं अख्खं कुटुंब. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम जानेवारीत आमच्याच नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर व्हायचे होते आणि त्या दुपारी तिकीटविक्री उघडली. रांगेत आमच्या लेकीचा नंबर काही लाखांच्या मागे. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटं बघता बघता संपली. तिसरा दिवस वाढवला, तोही संपला. मग तीच तिकिटं भलत्याच लोकांकडे अव्वाच्या सव्वा भावाने दिसू लागली. लेक सोळा वर्षांची, अकरावीत. ती रडली नाही, पण जेवलीही नाही.

तुमच्याही घरी असं कुणी असेल, म्हणून हे मोकळेपणाने लिहिते आहे.

चढ्या भावाचं तिकीट घ्यायचं नाही, यावर आम्ही दोघं ठाम राहिलो. पैशाचा प्रश्न होताच, पण त्याहून मला त्या रांगेची भीती वाटली. ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ ही घाई मुलांच्या मनात पद्धतशीर भरवली जाते. गाण्यांच्या आवाजापेक्षा या घाईवर माझा राग जास्त आहे. त्याऐवजी एक तह केला : पुण्याला ३० जानेवारीला गायक एड शीरनचा कार्यक्रम होता, त्याची दोन साधी तिकिटं. एक तिचं, एक माझं. ‘तू पण येणार?’ या प्रश्नात आनंद नव्हता, हे नोंदवून ठेवते.

जानेवारी उजाडला तसं फ्रिजवरचं कॅलेंडर रंगलं. गुलाबी म्हणजे कार्यक्रम, हिरवा म्हणजे नवा अल्बम. अधेमधे माझ्या निळ्या पेनाने लिहिलेली युनिट टेस्ट. मला तोवर ठाऊक नव्हतं की २०१५पासून जगभरात नवी गाणी साधारणपणे शुक्रवारी येतात. गुरुवारी रात्री लेकीच्या खोलीत दिवा का चालू असतो, याचा उलगडा त्यातून झाला. ५ जानेवारीचा हिरवा चौकोन मात्र रविवारचा होता. पोर्टो रिकोच्या बॅड बनीचा स्पॅनिश अल्बम, ज्याच्या नावाचा अर्थ ‘मी आणखी फोटो काढायला हवे होते’. स्पॅनिशचं एक अक्षर येत नसताना ही मुलगी काय ऐकते, म्हणून मी मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर नाचगाणं नव्हतंच, मजकूर सरकत होता. त्या बेटाचा इतिहास, एका इतिहासाच्या प्राध्यापकाकडून लिहून घेतलेला, एकेका गाण्यामागे. लेक भाषांतराचं ॲप उघडून वाचत होती. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकाशी तिचं वैर जुनं आहे, त्यामुळे मी काही न बोलता चहा ठेवून बाहेर आले. त्या अल्बममध्ये तिथल्या संगीत शाळेतली मुलं वाजवतात, हेही तिनेच नंतर सांगितलं.

१८ तारखेला कोल्डप्ले आले. आम्ही स्टेडियमबाहेर, रस्त्याच्या कडेला, आमच्यासारख्याच बिनतिकिटांच्या गर्दीत. शब्द हवेत विरून जात होते, पण बासचा ठोका थेट छातीत येत होता. लेक म्हणाली, ‘कमी फ्रीक्वेन्सीच्या लाटा लांब असतात ना, त्या भिंतीला वळसा घालून येतात. बारीक आवाज आतच अडकतात.’ तिच्या फिजिक्सच्या क्लासची फी मी भरते, पण हे वाक्य मला तिथे, भुईमुगाच्या शेंगांच्या पुडीशेजारी ऐकायला मिळालं. २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर घरी बघितला. हजारो मनगटांवरचे पट्टे एकदम लुकलुकायला लागले तेव्हा हिचे बाबा सोफ्यावर घोरत होते.

पण मला खरं सांगायचंय ते या दोन तारखांच्या मधलं.

ती रीमिक्स करते. मोबाइलवर बँडलॅब नावाचं फुकट ॲप आहे, त्यात. एखाद्या गाण्यातून गाणाऱ्याचा आवाज वेगळा काढून देणारी साधनंही आता सहज मिळतात. तो आवाज घ्यायचा, त्याखाली दुसरा ठेका घालायचा, वेग जुळवायचा. बाहेरून बघणाऱ्या आईला हे ‘मोबाइलवर बसणं’ दिसतं. मलाही तेच दिसायचं. एका रात्री ती वैतागून हेडफोन आपटते आहे, असं बघितलं. एका जुन्या मराठी भावगीतातला आवाज आणि खाली नव्या पॉप गाण्याचे कॉर्ड्स. लय तिने चोख जुळवली होती, दोन्ही मिनिटाला ९६ ठोके. तरी काहीतरी आंबल्यासारखं वाटत होतं. ‘काय चुकतंय कळतच नाही!’

मी लहानपणी पेटी शिकले. गांधर्व महाविद्यालयाची प्रवेशिका पूर्ण केली, मग दहावी आली आणि पेटी माळ्यावर गेली. पण कान असतात. मी म्हटलं, ‘अगं, पट्टी वेगळी आहे. बाई काळी दोनमध्ये गातायत, तुझी वाद्यं पांढरी चारमध्ये आहेत.’

‘म्हणजे?’

‘वाद्यं दोन घरं खाली उतरव. काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजून दोन.’

तिने उतरवली. वाजवलं. आणि गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे, मी घरातली मोठी व्यक्ती आहे म्हणून नव्हे, तर मला काहीतरी येतं म्हणून बघितलं. ‘तुला कसं कळलं?’ रात्रीचे साडेबारा झाले होते, आम्ही पट्ट्यांवर बोलत बसलो. तिला ‘की’ माहीत होती, मला पट्टी. बीपीएम म्हणजे मिनिटाला किती मात्रा, इतकंच. दोघींना एकच गोष्ट दोन नावांनी येत होती आणि हे कळायला इतके दिवस गेले.

मग एक विषय निघाला, जो तुम्हीही घरी काढावा. तिचं एक रीमिक्स एका ठिकाणी टाकल्यावर काही तासांतच मुकं झालं, हक्कांच्या कारणाने. ती चिडली. मी तिला २००२चं एक प्रकरण सांगितलं. ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ हे अमेरिकन गाणं ‘ज्योती’ चित्रपटातल्या लताबाईंच्या गाण्यावर उभं होतं, संगीतकार बप्पी लाहिरी, आणि परवानगीच घेतली नव्हती. कोर्टाने नाव द्या म्हणून बजावलं. ब्रिटनी स्पीअर्सच्या ‘टॉक्सिक’मध्ये ‘एक दूजे के लिए’मधल्या गाण्याचे व्हायोलिनचे सूर आहेत; ‘टॉक्सिक’ तिला तोंडपाठ होतं, पण मूळ गाणं लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं हे माहीत नव्हतं. आपल्या कायद्यात कवी-संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. घरी शिकण्यासाठी खटपट करणं वेगळं आणि जगापुढे ठेवणं वेगळं. ‘म्हणजे स्वतःचं काहीतरी लिहावं लागेल,’ असं ती तोंड वाकडं करून म्हणाली.

आता पुणे. कानांबद्दल मात्र मी भांडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास चालतो, ९० डेसिबल चार तास, १०० डेसिबल जेमतेम वीस मिनिटं. मैफलीतला आवाज त्या शेवटच्या आकड्याजवळ सहज जातो, म्हणून इअरप्लग खिशात. ती म्हणाली, ‘म्हातारी दिसेन.’ स्पीकरपासून लांब उभं राहायचं, हे तिने मानलं. इअरप्लग पहिल्या पंधरा मिनिटांनी लावले, तेही बाजूची मुलगी लावताना दिसली तेव्हा.

एड शीरनची ख्याती लूप पेडलची. तो गिटारवर थाप मारतो, पायाने पेडल दाबतो, थाप फिरत राहते. मग तिच्यावर सूर, मग आवाज, त्यावर आणखी आवाज. सगळं तिथल्या तिथे, डोळ्यांसमोर. मला आमच्या गावचं भजनी मंडळ आठवलं : आधी एक टाळ, मग बाकीचे, मग मृदंग, मग पेटी, शेवटी पंधरा जणांचा कोरस. लेक मात्र त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, पायाकडे बघत होती. ‘कुठे कापतो ते बघते,’ असं माझ्या कानात ओरडली.

घरी पोहोचायला रात्रीचे अडीच वाजले. ३१ला कॉलेज बुडालं, तेही मीच बुडू दिलं. हिरव्या रंगातला द वीकंडचा नवा अल्बम होता त्या दिवशी, आणि त्याबद्दल मला काहीही विचारू नका.

फेब्रुवारीत ती माळ्यावरून माझी पेटी काढायला लागली. सूर रेकॉर्ड करायचेत म्हणाली. भात्याला एक भोक होतं, चिकटपट्टीने बुजवलं. मी मोठ्या ऐटीत सा धरला. तिने फोनवर ट्यूनर उघडला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, ‘आई, तुझा सा खाली आहे.’