अंतिम सुनावणीत कामगाराची बाजू कोणी मांडावी?

कामावरून कमी केलेला कामगार औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जातो, तेव्हा त्यास पहिली धास्ती वाटते ती मालकाच्या वकिलाची. याविषयीची कायद्याची तरतूद कामगारांना, तसेच त्यांना अर्ज लिहून देणाऱ्या शिक्षकांना व ग्रामसेवकांना माहीत असणे इष्ट आहे.

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ३६ मधील नियम २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही कायम आहे. समेट अधिकाऱ्यापुढे कोणत्याही पक्षास वकील देता येत नाही. न्यायाधिकरणापुढे देता येतो. परंतु त्यास दुसऱ्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी, दोन्ही आवश्यक आहेत. याउलट, आपल्या नोंदणीकृत संघटनेच्या पदाधिकाऱ्यामार्फत बाजू मांडणे हा कामगाराचा हक्क आहे. त्यास मालकाची संमती लागत नाही. जो सभासद नाही, तो आपल्या उद्योगातील संघटनेच्या पदाधिकाऱ्यास किंवा सहकारी कामगारास विहित रीतीने अधिकार देऊ शकतो.

केवळ मुखत्यारपत्र घेऊन वकिलास ही अट टाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली पारादीप बंदराच्या प्रकरणात ठरविले. मात्र वकील हा संघटनेचा खराखुरा पदाधिकारी असेल, तर त्या नात्याने तो उपस्थित राहू शकतो.

म्हणून मालकातर्फे वकील उभा राहताच कामगाराने आपली हरकत लेखी नोंदवावी. मौन पाळल्यास संमती गृहीत धरली जाण्याचा संभव असतो. परंतु संमती नाकारण्यापूर्वी विचार करावा. कारण आपणास वकील हवा असल्यास मालकाचीही संमती लागेल. वकिलाच्या खर्चाची चिंता असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ अन्वये औद्योगिक कामगार मोफत साहाय्यास पात्र आहे.

प्रतिनिधी कितीही निष्णात असला, तरी पुराव्याची उणीव त्याच्या वक्तृत्वाने भरून निघत नाही. वर्षात २४० दिवस काम केल्याचे सिद्ध करण्याचा भार कामगारावर असतो, आणि त्यास केवळ स्वतःचे शपथपत्र पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली म्हटले आहे. यास्तव वेतनचिठ्ठ्या, ओळखपत्र, नेमणुकीचे पत्र जपून ठेवावे. हजेरीपट मालकाकडे असल्यास तो हजर करविण्यासाठी वेळीच अर्ज द्यावा. सोबत काम केलेल्यांची साक्ष नोंदवावी. अंतिम युक्तिवादाच्या दिवशी कागद शोधू लागणाऱ्याची बाजू न्याय्य असूनही लंगडी पडते.