पहिल्या पदभ्रमणाची शिदोरी

घाटकोपरहून कान्हेरीच्या पहिल्या पदभ्रमणास निघणाऱ्या विद्यार्थ्याची पिशवी आम्ही भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांवरून भरतो. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरबंद, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे वस्त्र. एवढ्यावर भिक्खू चारिका करीत. आपणही जादा सदरा, भाकरीचा डबा, टोपी, सुईदोरा, मलमपट्टी व शिट्टी एवढेच घ्यावे. पाणी मात्र दोन लिटर असावे. कान्हेरीत दात्यांनी भिक्खूंसाठी कातळात पाण्याच्या पोढ्या खोदविल्या. 1934 मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर मात्र हौदाच्या पाण्याने हातपाय धुतल्याबद्दल बाबासाहेबांना व त्यांच्या सहकाऱ्यांना अपमान सोसावा लागला. म्हणून आमच्या सहलीचा एकच नियम: तहानेल्याला आपल्या बाटलीतले पाणी द्यावे, जात विचारू नये.