कार ऑडिओचं दुकान टाकताय? सबवूफरच्या वायरिंगमध्ये पैसे वाचवू नका

मागच्या व्हिडिओत कार ऑडिओ फिटिंगच्या दुकानाला किती भांडवल लागतं ते पाहिलं. आज या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या जोखमीबद्दल बोलू. सबवूफर वाजला नाही तर गिऱ्हाईक परत येतं आणि आपण दुरुस्त करून देतो. पण वायर तापून गाडी पेटली तर दुकानाचं नावच जातं.

गिऱ्हाईक विचारतं, "बाहेर दोन हजारात फिटिंग करतात, तुम्ही चार का सांगता?" उत्तर द्यायचं तर आधी हिशोब यायला हवा. समजा अॅम्प्लिफायर ५०० वॅटचा आहे. हा आकडा आरएमएसचा धरायचा. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला 'मॅक्स' पॉवरचा आकडा विसरा, तो फक्त विकायला असतो. क्लास डी अॅम्प साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला तर त्याला बॅटरीकडून ६२५ वॅट लागतात. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट मिळतात, म्हणजे साधारण ४५ अँपिअर. घरातला गीझरसुद्धा एवढा करंट ओढत नाही!

बॅटरीपासून डिकीपर्यंत वायर सुमारे ५ मीटर लागते. ८ गेजची तांब्याची वायर टाकली तर तेवढ्यातच जवळपास अर्धा व्होल्ट पडतो आणि ती तापते. ४ गेज टाकली तर ०.२ व्होल्टच्या आत. म्हणून इथे ४ गेजच. आणि तांब्याचीच! बाजारातल्या स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर असते. एक तार ब्लेडने खरवडा, आतून चंदेरी निघाली तर समजा. माल घेताना दुकानदारासमोरच हे करा, लाजू नका.

आता फ्यूज. नवीन पोरं इथेच चुकतात. अॅम्पवर फ्यूज आहे म्हणून बॅटरीजवळ लावत नाहीत. पण अॅम्पचा फ्यूज अॅम्पपुरता असतो. मधली ५ मीटर वायर कोण वाचवणार? ती फायरवॉलच्या पत्र्याला घासून कापली गेली, की बॅटरीचा सगळा करंट सरळ बॉडीत जातो, आणि त्या वाटेत अॅम्पचा फ्यूज येतच नाही. म्हणून बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज हवाच. आपल्या उदाहरणात ६० अँपिअरचा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवा. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवायची, हे सांगायला लागू नये.

अर्थ जवळच्या जाड पत्र्यावर, रंग पूर्ण खरवडून, बोल्टने घट्ट. अर्थची वायरही ४ गेजचीच. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही.

ड्युअल ४ ओमचा वूफर पॅरलल जोडला तर २ ओम होतो, सिरीजमध्ये ८ ओम. ड्युअल २ ओमचा पॅरलल केला तर १ ओम! अॅम्प २ ओमपर्यंतचाच असेल तर तो तापून बंद पडतो किंवा जळतो. विकण्याआधी अॅम्पचं पुस्तक उघडा.

गेन कानाने लावू नका. वूफर सोडवा, ५० हर्ट्झचा टोन लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. २ ओमवर ५०० वॅट हवे असतील तर साधारण ३१.६ व्होल्टला थांबायचं.

हे सगळं केलं की खर्च वाढतो, आणि तो बिलात स्वतंत्र ओळीत लिहा: वायर, फ्यूज, ग्रोमेट, मजुरी. गिऱ्हाईकाला बॉनेट उघडून फ्यूज दाखवा आणि फोटो काढून ठेवा. कंपनीचं मूळ वायरिंग कापू नका, नाहीतर वॉरंटीचा वाद तुमच्या अंगावर येतो. जमतं तिथे कपलर वापरा.

गाडी देण्याआधी इंजिन चालू ठेवून अर्धा तास जोरात वाजवा, मग बंद करून फ्यूज होल्डर, वायर आणि अर्थचा बोल्ट हाताने तपासा. कोमट चालेल, चटका बसला तर गाडी द्यायची नाही. जाताना तेवढ्याच अँपिअरचा एक जादा फ्यूज गिऱ्हाईकाच्या हातात ठेवा आणि बजावून सांगा, "उडाला तर मोठा टाकू नका, आधी मला फोन करा."