अथेन्सची विनोदी रंगभूमि

विनोदी नाटक म्हणजे चार घटका करमणूक, असें पुष्कळांस वाटतें. परंतु सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीं ग्रीस देशांतील अथेन्स नगरींत अशा नाटकांचा राज्यकारभाराशीं किती निकट संबंध होता हें पाहिलें, म्हणजे हास्याच्या अंगीं केवढें सामर्थ्य आहे हें ध्यानांत येतें.

अथेन्सचें राज्य लोकसत्ताक होतें. स्त्रिया, गुलाम व परदेशीय यांना मताचा अधिकार नव्हता; परंतु नागरिक पुरुष एका टेकडीवर सभा भरवून युद्ध, तह व कायदे स्वतः ठरवीत. तेच नागरिक डायोनिसस देवाच्या उत्सवांत नाटकें पाहावयास बसत. इ. स. पूर्वीं ४८६ पासून तेथें विनोदी नाटकांचीहि स्पर्धा होऊं लागली. आपल्या संस्कृत नाटकांतील विदूषक राजाची थट्टा करतो, पण तो राजा कथेंतला असतो. अथेन्सचा कवि जिवंत पुढाऱ्याचेंच सोंग रंगभूमीवर आणी.

या कवींत ॲरिस्टोफेनीस अग्रगण्य होय. त्याचें ‘घोडेस्वार’ हें नाटक इ. स. पूर्वीं ४२४ मध्यें झालें. त्यांत ‘लोक’ याच नांवाचा एक लहरी, कानानें मंद असा म्हातारा यजमान आहे, आणि त्या वेळचा प्रबळ पुढारी क्लीऑन हा त्याचा तोंडपुजा गुलाम म्हणून दाखविला आहे. आतड्यांत मांस भरून विकणारा एक फेरीवाला खुशामतींत त्या गुलामावरहि ताण करतो व म्हाताऱ्याची मर्जी संपादन करतो. हा भोळा म्हातारा म्हणजे प्रेक्षक स्वतःच, हें येथील मर्म होय. नाटकास पहिलें बक्षीस मिळालें. तरी थोड्याच दिवसांनीं त्याच नागरिकांनीं क्लीऑनला सेनापति निवडलें! एका दिवसाच्या हास्यानें मतें फिरत नाहींत. पण पुढाऱ्याचे शब्द पारखून घेण्याची संवय अशा हास्यानें जडते, असें आम्हांस वाटतें.

पुढें इ. स. पूर्वीं ४०५ मध्यें त्याचें ‘बेडूक’ हें नाटक झालें. सहा वर्षांपूर्वींच्या राज्यक्रांतींत सांपडलेल्या अनेकांचे नागरिकत्वाचे हक्क हिरावले गेले होते. नाटकाच्या मध्यावर गायकवृंदानें पुढें येऊन, चुकलेल्यांस क्षमा करा, असा प्रेक्षकांस उघड उपदेश केला. तो इतका पसंत पडला कीं, त्यासाठीं नाटकाचा पुन्हां प्रयोग करविण्यांत आला, असें जुने लेखक सांगतात. त्याच वर्षीं आरमाराचा पराभव झाल्यावर सभेनें बहुतेकांचे हक्क खरोखरच परत दिले. हें केवळ नाटकामुळें झालें असें नव्हे. पण सभेंत जें झालें, तें रंगभूमीवर आधीं बोललें गेलें होतें.

परंतु या चित्रास दुसरी बाजूहि आहे. इ. स. पूर्वीं ४२३ मध्यें याच कवीनें ‘मेघ’ या नाटकांत सॉक्रेटीसास टोपलींत लोंबकळत आकाश निरखणारा आणि खोट्याचें खरें करण्याची विद्या शिकविणारा असा रंगविला. खरा सॉक्रेटीस तसा नव्हता. नाटक स्पर्धेंत मागें पडलें, पण तें चित्र लोकांच्या मनांत राहिलें. चोवीस वर्षांनीं, इ. स. पूर्वीं ३९९ मध्यें, सत्तरीच्या त्या तत्त्ववेत्त्यावर खटला झाला. प्लेटोनें लिहिलेल्या त्याच्या भाषणांत, समोरच्या फिर्यादींपेक्षां जुन्या निंदेचें भय अधिक, असें सांगून तो याच नाटकाचा उल्लेख करतो. त्यास विषाचा पेला घ्यावा लागला. त्याच्या मरणास इतरहि कारणें होतीं. तरी त्या हास्याचा भाग त्यांत होता, हें नाकारतां येत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, आपणहि संमेलनांत प्रहसनें करतों व घरीं, वर्गांत नकला करतों. ज्याच्या हातीं सत्ता आहे त्याच्या दोषांस हसणें, आणि त्याबरोबर स्वतःसहि हसणें, हें समाजास हितकर आहे. परंतु ज्याचें म्हणणें आपण नीट ऐकलेलें नाहीं, त्याची थट्टा करण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. प्रेक्षक हसून घरीं जातात. ज्याचें सोंग आणलें त्याला मात्र तें पुष्कळ वर्षें वागवावें लागतें.