मानसोपचाराचा गुण कसा मोजावा?

संभाषणाद्वारे केलेल्या मानसोपचारानंतर रुग्णास बरे वाटले, एवढ्यावरून तो गुणकारी ठरत नाही. कित्येकांचे नैराश्य काळानेही ओसरते. बेळगावलगतच्या गोव्यात ४९३ नैराश्यग्रस्तांवर झालेल्या चाचणीचे २०१७ मधील निष्कर्ष या दृष्टीने उद्बोधक आहेत. सोडतीने दोन गट पाडून एकास आरोग्य केंद्रातील नेहमीची सेवा थोडी सुधारून देण्यात आली. दुसऱ्यास तिच्याखेरीज प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांचा उपचार लाभला. तीन महिन्यांनी नैराश्यमुक्तांचे प्रमाण अनुक्रमे ३९ व ६४ टक्के आढळले. उपचारास श्रेय द्यावयाचे ते मधल्या २५ चेच! वर्षाअखेर हे अंतर १५ वर आले. तेव्हा मोजणी एकदाच करून भागत नाही.

निपाणी परिसरात अशी मोजणी करावयाची तर प्रश्नावली लोकांच्या बोलीत हवी. तंबाखूच्या वखारीतील स्त्री 'नैराश्य' म्हणणार नाही. 'कशात मन लागत नाही' म्हणेल.