कंबर सैल सोड गं

अगं, गोव्यात तू चालवलीस ती वर बसायची प्लास्टिकची कयाक. वेल्सला अँगलसीच्या किनाऱ्यावर तुला मिळेल ती समुद्री कयाक निराळी. पाचेक मीटर लांब, रुंदीला जेमतेम ५५-६० सेंटिमीटर, पाय आत घालून बसायचं. सरळ छान पळते, वळायचं म्हटलं की हटून बसते. नुसती वल्ही मारून दंड भरून येतील, ती ऐकायची नाही.

तिला कलवावं लागतं. उजवं बूड सीटवर दाबायचं, डावा गुडघा डेकखाली वर रेटायचा. बोट कलते, आपण मात्र कलायचं नाही. भाचीला कडेवर घेतेस तेव्हा एका बाजूची कंबर वर जाते, पाठीला बाक येतो, पण डोकं सरळच राहतं ना? अगदी तसंच.

आणि उजवीकडे कललेली बोट वळते डावीकडे! सपाट असताना तळाचा लांब कणा पाणी धरून असतो. कलली की टोकांची पकड ढिली होते, कुशीचा गोलावा पाण्यात येतो. कललेल्या बाजूनेच वल्ह्याचा रुंद फेर मार, पायाच्या बोटांपासून थेट मागपर्यंत. नजर पात्यावर ठेव, धड आपोआप वळेल. शेवटी शेवटी आळस नको, मागचं टोक तिथेच सरकतं.

आता आपल्या-आपल्यातलं. भाड्याच्या बोटी बऱ्याचदा धिप्पाड माणसांच्या बेताच्या असतात. आपली कंबर आत घसरत राहते, बोटीला काही कळतच नाही आणि वाटतं, आपल्यालाच जमत नाही. लाजू नकोस, फोमच्या पट्ट्या मागून घे आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना खोच. गुडघे डेकला टेकतील इतके पायांचे टेकू जवळ घे, पण झटकन बाहेर निघता आलं पाहिजे. स्प्रे-डेकची, म्हणजे कमरेभोवती बसायची जागा झाकणाऱ्या कापडाची, ओढायची दोरी बाहेर आहे ना, दर वेळी चाचपून बघ. उलटून बाहेर पडायचा सराव आधी कर, कितीही गार पाणी असो. ती धास्ती गेल्याशिवाय कंबर सैल पडत नाही, आणि ताठ कमरेने बोट डगमगतेच.

मग शांत पाण्यात, बोट कललेली ठेवूनच पुढे वल्हवून बघ. बाजूने वारा सुटला की हेच कामाला येतं. चालती कयाक वाऱ्याकडे तोंड फिरवते. वारा उजवीकडून असेल तर उजवी बाजूच खाली दाब, ती सरळ जाईल. स्केग, म्हणजे मागच्या तळाखालचं पातं, खाली सोडलंस तरी चालेल, फक्त वळण्याआधी वर घे. सुकाणूवाली बोट मात्र सुरुवातीला नकोच म्हण, पायांनी सुकाणू फिरवत बसलीस तर कंबर कधी शिकायची?

लाटांत वळायचं असेल तर माथ्यावर येईपर्यंत थांब. तिथे दोन्ही टोकं पाण्याबाहेर निघतात आणि एका फेऱ्यात बोट गर्रकन फिरते. दोन लाटांच्या मधल्या खोलगटात टोकं रुतलेली असतात, तिथे उगाच दंड मोडून घेऊ नकोस.